मागच्या सीटचा धनी

गादीला मोटारसायकल चालवता येत नाही हे नवख्या माणसाला सांगितलं तर त्याला थट्टाच वाटायची. गावातल्या निम्म्या मोटारसायकलींच्या सीटा त्याच्या हातच्या, त्यावरूनच तर नाव गादी पडलेलं, आणि म्हणे चालवता येत नाही! पण खरं होतं ते. बसस्टँडमागच्या बोळात त्याचं दुकान. दुकान कसलं, एक लांबोडकी खोली. भिंतीला टेकवलेला फोम, रेक्झिनच्या गुंडाळ्या, एक म्हातारं शिलाई मशीन आणि या सगळ्याच्या मधोमध जमिनीवर फतकल मारून बसलेला गादी. दाभण दातात धरायचं आणि तसंच बोलायचं ही त्याची सवय. गिऱ्हाईक म्हणायचं, "झाली ना सीट? मग मारा एक चक्कर, बघा कशी वाटते." यावर गादीचं उत्तर ठरलेलं. "चक्कर तुम्ही मारा, मी मागे बसतो. पुढच्याचं काय, त्याचं लक्ष रस्त्यावर. सीट कळते ती मागच्यालाच."

चालवायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा मेव्हण्याने त्याला सासरच्या अंगणात स्कूटरवर बसवलं. सगळं सासर बघायला दारात. गाडी सुटली ती थेट वाळत घातलेल्या कपड्यांत घुसली आणि सासऱ्यांची विजार डोक्याला गुंडाळून जावईबापू कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन पडले. लागलं काहीच नाही. पण हसणं असं की सासूबाई मटकन खालीच बसल्या. त्या दिवसापासून गादीने हँडलला हात लावला नाही. "पडल्याचं दुःख नाही हो," तो सांगायचा, "पण कोंबड्यासुद्धा हसत होत्या."

तरीही दर वर्षी मित्रांच्या मोटारसायकल फेरीला पहिला तयार कोण, तर गादी. मित्र तीन. एक मास्तर, चित्रकला शिकवणारा, घड्याळाचा आणि शिस्तीचा भोक्ता. दुसरा वायरमन, वीज मंडळात खांबावर चढणारा, तोंडाचा पट्टा कधी बंद नसलेला. तिसरा कंपाउंडर, एका डॉक्टरांकडे औषधं देणारा, शांत, हळू बोलणारा, उंच माणूस. तिघांच्या तीन गाड्या, आणि गादी आळीपाळीने तिघांच्या मागे. चहाला थांबलं की गाडी बदलायची, असा नियम. एकाच्याच टायरवर हा बोजा नको म्हणून मास्तरने तो पहिल्याच वर्षी घालून दिला होता. तिन्ही गाड्यांच्या सीटा अर्थातच गादीने केलेल्या. आता हळूच सांगायचं तर त्यात त्याने थोडी बदमाशी केली होती. पुढच्या भागात साधा फोम आणि मागच्या भागात दुप्पट जाड, मऊ, उंची माल. जिथे आपण बसणार तिथे कंजुषी कशाला, असा त्याचा हिशेब. मागे बसणाऱ्या बायकापोरांना पुढचं ठाऊक नाही आणि हे तिघं कधी मागे बसले नाहीत, त्यामुळे इतकी वर्षं हे उघडकीला आलं नाही.

ही मंडळी मोठ्या रस्त्याने कधीच जायची नाहीत. शेतांमधले, कालव्याच्या काठचे, खड्ड्यांचे आडरस्ते धरायची. कारण विचाराल तर मास्तर झाडं आणि डोंगर दाखवायचा, वायरमन म्हणायचा ट्रकवाल्यांचा ताप नको. दोघंही थापा मारत होते. खरं कारण असं की मोठ्या रस्त्यावर गाडी जोरात जाते आणि मग बोलता येत नाही. आडरस्त्याला सावकाश जायचं असतं. पुढच्याचं बोलणं वाऱ्याबरोबर आपसूक मागच्याच्या कानात येतं. मागच्याचं मात्र पुढे पोचत नाही, पोचवायचं तर बोंब मारावी लागते. शिवाय पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही. आणि तोंड दिसत नसलं की माणूस काय काय बोलतो, अरे बाप रे!

तिघंही बोलायचे. आधी हवापाण्याचं, मग ऑफिसचं, आणि रस्ता जरा निवांत झाला की आतलं. बायकोला न सांगितलेलं, भावाला न सांगितलेलं, स्वतःशीही धड न बोललेलं. गादी सल्ला द्यायचा नाही, द्यायची सोयच नव्हती. ऐकायचा आणि मधून मधून पाठीवर थाप मारायचा. थापेचा अर्थ, ऐकलं, पुढे बोल. चहाला उतरल्यावर त्यातलं अवाक्षर निघायचं नाही. एकाचं दुसऱ्याला कळलं असं एकदाही झालं नाही. काय काय होतं ते, असं मला विचारू नका. एवढी वर्षं त्या माणसाने पोटात ठेवलं, ते मी इथे ओकून टाकू का?

त्यातलं एकच सांगावं लागणार, कारण सगळी गोष्टच त्यावर आहे. कंपाउंडरला दोन मुलगे. पण त्यांच्याआधी एक मुलगी झाली होती, तो या गावात यायच्याही आधी. आठवडाही पुरा न करता ती गेली. तिचं नाव ठेवलं होतं. ती गेल्यावर बायकोने ते नाव घरात घेऊ दिलं नाही. घेतलं की दोन दोन दिवस तिच्या पोटात अन्न जात नसे. मग कंपाउंडरनेही घेतलं नाही. मुलांना बहीण होती हेच ठाऊक नाही. फक्त वर्षातून एकदा, आडरस्त्यावर, कंपाउंडर गादीला तिच्याविषयी सांगायचा. यंदा ती शाळेत गेली असती, यंदा दहावीला असती, असं. नाव मात्र त्याने एकदाच उच्चारलं होतं, अगदी सुरुवातीच्या एका वर्षी. त्यानंतर नुसतं "ती."

या वर्षी गादीच्या घरात निराळंच वारं होतं. त्याने एकाच्या गाडीची सीट दुसऱ्याच्या गाडीवर ठोकून ठोकून बसवली, तेव्हा लोक हसले. मग एके दिवशी आपल्याच बोळात उभं राहून तो पानवाल्याला विचारायला लागला, घर कुठल्या बाजूला आलं? तेव्हा कुणी हसलं नाही. बायकोने त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, डोक्याचा फोटो काढला आणि मग खुर्ची जवळ ओढून समजावलं. आठवण हळूहळू जाणार. गोळ्यांनी वेग कमी होईल, पण जाणं थांबणार नाही.

"मित्रांना सांगा," बायको पिशवी भरताना म्हणाली. "रस्त्यात कुठे चुकलात तर?"

"मागच्या सीटवरून कुठे चुकणार गं मी?"

"हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही सांगताय की मी फोन करू?"

"सांगतो. या फेरीतच सांगतो."

"सांगितल्याशिवाय घरी येऊ नका," ती म्हणाली, आणि गोळ्यांची पट्टी त्याच्या वरच्या खिशात घालून वरून बटण लावलं. मग उगीचच तेच बटण काढून पुन्हा लावलं.

निघायच्या आदल्या दुपारी गादीने दुकानात बसून स्वतःची परीक्षा घेतली. दाभण दातात धरलं आणि एकेकाचं आठवायला बसला. मास्तरचं आठवलं, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. वायरमनचं आठवलं, त्याचं तर पोतंभर होतं. कंपाउंडरचं आठवलं. ती मुलगी, तो दवाखाना, परत येतानाची रिकामी रिक्षा. आणि नाव? नावाच्या जागी काहीच नव्हतं. जुना फोम उपसून काढल्यावर खाली नुसता पत्रा उरतो, तसं. गादीने दाभण खाली ठेवलं. नाव तीनच माणसांकडे होतं. त्यातल्या दोघांनी ते ओठांवर आणायचं नाही असं ठरवलेलं, आणि तिसऱ्याने ते हरवलं. घर विसरलो तर पानवाला सांगेल, पण हे कुणाला विचारू? त्या दुपारी गादी पहिल्यांदा खरा घाबरला.

पहिल्या टप्प्याला तो वायरमनच्या मागे होता. वायरमन सूनबाईंपासून साहेबापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत चालला होता. गादीने सगळा दम गोळा करून त्याच्या कानाशी बोंब मारली, "मला सांगायचंय काहीतरी!"

वायरमनने कचकन गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि पूर्ण मागे वळून त्याच्याकडे बघितलं. "काय रे? काय झालं?"

एवढं मोठं तोंड एवढ्या जवळ आल्यावर गादीची वाचाच बसली. "पाय अवघडला," तो म्हणाला.

"मग उतर की, लेका! बोंबलतोस काय असा, माझा जीव गेला ना!"

दुसऱ्या टप्प्याला मास्तर. मास्तरला अर्ध्यात थांबवलं तर त्याचं वेळापत्रक बिघडतं, म्हणून गादी गप्प राहिला. ही आपली सबब. तिसऱ्या टप्प्याला कंपाउंडर. कालव्याच्या काठाने रस्ता सरळ गेलेला, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, ना माणूस ना जनावर. बाकीचे दोघं बरेच पुढे. कंपाउंडरने गाडी अजून सावकाश केली. मग म्हणाला, "परवा बायको कपाट आवरत होती. तिचं ते झबलं निघालं. मला वाटलं होतं तिने कधीच टाकून दिलं असेल. घडी घालून परत ठेवलं तिने. मला बघितलं, पण काही बोलली नाही. मीही नाही."

गादीने कान टवकारले. बोल बाबा, आता एकदा नाव घे. झबल्यावरून तरी घे.

"वाटतं कधी कधी," कंपाउंडर पुढे म्हणाला, "आमच्यानंतर कोण? पोरांना माहीत नाही. पण तुझ्याकडे आहे तिचं नाव, तेवढं बरं आहे. आहे ना रे लक्षात?"

गादीचा हात वर झाला आणि त्याने कंपाउंडरच्या पाठीवर थाप मारली. दोनदा. आहे, लक्षात आहे.

आयुष्यात त्याने पाठीमागून मारलेली ही पहिली खोटी थाप. कंपाउंडर सुखावून जरा सैल बसला, ते त्याला हाताखाली जाणवलं, आणि गादीला स्वतःच्या हाताची किळस आली. मुक्कामाच्या लॉजवर तो जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. तर कंपाउंडरनेच स्वतःच्या पिशवीतली गोळी काढून दिली, वर ग्लासभर पाणी आणून दिलं, आणि गादी मेल्याहून मेल्यासारखा झाला.

सकाळी चहाच्या टपरीवर चौघं बाकावर बसले होते. तोंडासमोर तोंड, सगळी आपापली बिस्किटं बुडवत. सांगावं म्हणून गादीने दोनदा घसा खाकरला, तर वायरमनने त्याच्यापुढे पाणी सरकवलं. तोंड बघून आपल्याच्याने होणार नाही, हे त्याला कळून चुकलं. आणि मागून तर पोचत नाही. मग उरलं काय? त्याने कपबशी खाली ठेवली. "आज मी चालवणार," तो म्हणाला.

वायरमनचं बिस्कीट चहात पडलं ते पडलंच.

"काय चालवणार?" मास्तरने विचारलं.

"गाडी. कंपाउंडरची. आणि कंपाउंडर माझ्या मागे बसणार."

"या वयात? हाडं मोजायला कोण येणार आहे तुझी?"

"इथे कोंबड्या कुठे दिसत नाहीत," गादी म्हणाला. "चला, शिकवा."

टपरीपुढचा कालव्याचा तो मोकळा रस्ताच सोयीचा होता. पुढचा तासभर तिथे जो तमाशा झाला तो बघायला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. मास्तरने धुळीत काडीने गिअरचं चित्र काढून दाखवलं. वायरमन म्हणाला, "चित्र राहू दे. क्लच हळू सोड. वीज काय आणि क्लच काय, हिसका दिला की हिसका बसतो." गाडी बंद पडली, उडी मारून बंद पडली, गुरगुरून बंद पडली. वायरमन पळत पळत मागून सीट धरून होता आणि गाडीला की गादीला कुणास ठाऊक, पण मनसोक्त शिव्या घालत होता. शेवटी ती चालायला लागली. पहिल्या गिअरमध्ये, रडतखडत, पण सरळ. गादीच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो खुळ्यासारखा हसत होता.

"बस मागे," त्याने कंपाउंडरला सांगितलं.

कंपाउंडरने एकदा आकाशाकडे बघितलं आणि टांग टाकली. बसला आणि तसाच थबकला. मग हाताने सीट दाबून बघितली. "अरे चोरा!" तो ओरडला. "मागे ही असली मऊ सीट, आणि आम्ही इतकी वर्षं पुढे फळकुटावर?"

"काय? बघू, बघू!" वायरमन स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने जी शिवी हासडली ती मास्तरलाही पटली.

गाडी निघाली. ते दोघं आपापल्या गाड्यांवर मागून सावकाश येत होते, गादी कालव्यात गेलाच तर काढायला. समोर नुसता रस्ता. कुणाचं तोंड नाही. मित्र इतकी वर्षं एवढं सगळं कसं बोलू शकले, ते गादीला तेव्हा समजलं. त्याने दोन्ही मुठी घट्ट आवळल्या आणि बोलायला लागला.

"काल तू विचारलंस आणि मी थाप मारली. ती खोटी होती. मला तिचं नाव आठवत नाही रे. मी विसरतोय. डॉक्टरांनी सांगितलंय, असंच एकेक जाणार. मला बोळ आठवला नाही त्याचं काही नाही. पण हे तू माझ्याकडे ठेवायला दिलं होतंस आणि मी घालवलं. तुझ्या लेकीचं नाव घालवलं मी."

मागून काहीच आलं नाही. गादी वाट बघत राहिला. पाठीवर हात नाही, शब्द नाही. गाडी तशीच पहिल्या गिअरमध्ये कण्हत चाललेली. त्याला वळून बघायचं होतं, पण वळलं की कालवा. थांबायचं होतं, पण ब्रेक कुठल्या पायाने ते ऐन वेळी सुचेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मग कंपाउंडर पुढे वाकला आणि त्याच्या कानाशी त्याने ते नाव सांगितलं.

वारा होता, इंजिन होतं, हेल्मेट होतं. "ऐकू नाही आलं!" गादी ओरडला.

कंपाउंडरने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"अजून मोठ्याने!"

आणि तो हळू बोलणारा माणूस, ज्याने दवाखान्यात कधी पेशंटला मोठ्याने हाक मारली नसेल, सीटवर अर्धा उभा राहिला, गादीचे खांदे धरले आणि सगळा जीव एकवटून आपल्या मुलीचं नाव ओरडला. कालव्याच्या पलीकडच्या शेतातली पाखरं उडाली. गादीने तेच नाव तितक्याच जोराने परत म्हटलं. मग कंपाउंडर पुन्हा ओरडला. मग गादी. असं बराच वेळ चाललं. त्यात गाडी कधी दुसऱ्या गिअरमध्ये गेली तेही गादीला कळलं नाही.

थांबले ते मातीच्या ढिगाऱ्यात शिरून. पडलं कुणी नाही, गाडी तेवढी कलंडली. मागचे दोघं येऊन पोचले. चौघं तिथेच कालव्याच्या कठड्यावर बसले. आता तोंडं समोर होती, तरी गादीने अडखळत का होईना, त्या दोघांना आपलं दुखणं सांगून टाकलं. ते नाव आपल्या गेलेल्या लेकीचं, एवढं कंपाउंडरने स्वतःच सांगितलं.

मास्तरने बराच वेळ चष्मा पुसला. "आमचं काय काय विसरलास?"

"तुमचं अजून सगळं आठवतंय."

"ते वाईट झालं," मास्तर म्हणाला, आणि त्याचा हात गादीच्या मांडीवर तसाच राहिला.

वायरमनचं लक्ष मात्र गादीकडे नव्हतं. तो कंपाउंडरकडे बघत होता. इतकी वर्षं एकत्र चहा प्यायलेला, दुखलंखुपलं तर रात्री-अपरात्री दार उघडणारा मित्र, आणि त्याला मुलगी होती हे आज असं रस्त्यावर कळलं. त्याने हेल्मेट मांडीवर घेतलं. मग ते नाव त्याने घेतलं, हळूच, घरातल्या मुलीचं घ्यावं तसं.

"ती आज केवढी असती रे?" त्याने विचारलं.

कंपाउंडरने त्याच्याकडे बघितलं. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"तुझ्या थोरल्या लेकीएवढी," तो म्हणाला.